फाटक उघडलं, सरपणाचं काय? : केमररच्या अणुभट्टीचं प्रकरण

अमेरिकेत वायोमिंग राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात केमरर नावाचं गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. जे. सी. पेनी या दुकानसाखळीचं पहिलं दुकान १९०२ मध्ये इथे उघडलं आणि आसपासच्या खडकांत माशांचे सुरेख जीवाश्म सापडतात, एवढीच गावाची बाहेर ओळख. पोट मात्र कोळशावर चालतं. जमिनीतून कोळसा काढायचा, शेजारच्या नॉटन वीज केंद्रात जाळायचा आणि वीज दूर पाठवायची. चंद्रपूर किंवा परळीच्या माणसाला हे जगणं समजावून सांगावं लागणार नाही. केंद्राचं धुराडं थंडावलं की वाण्याच्या दुकानातली उधारीची वही जाड होऊ लागते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये टेरापॉवर या कंपनीने जाहीर केलं की तिची पहिली अणुभट्टी केमररजवळ उभी राहील. बिल गेट्स यांनी उभी केलेली ही कंपनी. जागेसाठी वायोमिंगमधली चार कोळसा-गावं स्पर्धेत होती, त्यात केमररचा नंबर लागला. भट्टी २०२८ मध्ये वीज देईल असं ठरलं. नॉटनचे उरलेले कोळशाचे संच २०२५ मध्ये बंद करायचे, आणि तिथल्या कामगारांना नव्या केंद्रात घ्यायचं, असा बेत होता. वर्षभरातच, डिसेंबर २०२२ मध्ये, कंपनीला सांगावं लागलं की काम किमान दोन वर्षं लांबणार. कारण परवान्याचं नव्हतं, पैशाचंही नव्हतं. भट्टीत घालायला इंधनच मिळणार नव्हतं.

सप्टेंबर २०१८ ते जुलै २०२४ या सहा वर्षांच्या आतबाहेर अमेरिकी संसदेने प्रगत अणुभट्ट्यांना हात देणारे लहानमोठे अनेक कायदे केले. त्यातले बहुतेक दोन्ही पक्षांनी मिळून केले, जे त्या काळात तिथे फारसं घडत नव्हतं. हे कायदे चांगले आहेत, असं माझं मत आहे. पण त्यांचा क्रम चुकला. फाटक आधी उघडलं, रस्ता नंतर बांधला, आणि सरपणाची आठवण सगळ्यात शेवटी झाली. केमररचं प्रकरण वाचायचं ते यासाठी.

भट्टी आहे तरी कशी

आज जगात चालणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्या पाण्याने थंड होतात. पाण्याची अडचण अशी की ते शंभर अंशांना उकळतं. तीनशे अंशांना ते द्रवरूप ठेवायचं तर वातावरणाच्या दीडशेपट दाबाखाली कोंडावं लागतं. म्हणून जाडजूड पोलादी पात्र, म्हणून काँक्रीटचा भला मोठा घुमट, म्हणून आणीबाणीचे पंप आणि त्या पंपांना वीज देणारी डिझेल जनित्रं.

टेरापॉवरच्या भट्टीचं नाव नॅट्रियम. लॅटिनमध्ये सोडियमला हेच म्हणतात. तिच्यात पाण्याऐवजी वितळलेलं सोडियम फिरतं. सोडियम ९८ अंशांना वितळतं आणि ८८० अंशांच्याही वर जाऊन उकळतं. त्यामुळे भट्टीच्या तापमानाला ते दाबाशिवाय सुखाने द्रवरूप राहतं. भट्टी ३४५ मेगावॅटची. पण तिची उष्णता थेट टर्बाइनला जात नाही, आधी वितळलेल्या क्षारांच्या मोठ्या टाक्यांत साठते. पहाटे बंब पेटवून ठेवावा आणि घरातल्यांनी आपापल्या वेळेला गरम पाणी घ्यावं, तसं हे आहे. भट्टी एकाच गतीने चालत राहते. संध्याकाळी सूर्य मावळून सौरवीज आटली की साठवलेल्या उष्णतेवर केंद्र साडेपाच तासांहून जास्त वेळ ५०० मेगावॅटपर्यंत वीज देऊ शकतं.

या रचनेत एक हुशारी आहे, तिचा कायद्याशी थेट संबंध आहे. क्षारांच्या टाक्या आणि टर्बाइन हा भाग अणुभट्टीपासून वेगळा ठेवला आहे. त्यामुळे अणु नियामक आयोगाची करडी नजर फक्त भट्टीच्या आवारावर राहते आणि पलीकडचं काम साध्या वीज केंद्रासारखं करता येतं. म्हणून तर १० जून २०२४ रोजी, आयोगाचा बांधकाम परवाना हातात नसताना, कंपनीला केमररमध्ये पहिली कुदळ मारता आली.

सोडियमचे दुर्गुणही लपवायचं कारण नाही. ते हवेत पेट घेतं, पाण्याशी गाठ पडली की स्फोटक वागतं. जपानच्या मोंजू भट्टीत १९९५ मध्ये सोडियम गळून आग लागली आणि ती भट्टी पुढे कधी धडपणे चाललीच नाही. दुसऱ्या पारड्यात आयडाहोमधली ईबीआर-दोन ही प्रायोगिक भट्टी आहे, जी १९६४ पासून तीस वर्षं चालली. एप्रिल १९८६ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची आपोआप बंद करणारी यंत्रणा मुद्दाम बाजूला ठेवली आणि ती पूर्ण ताकदीवर असताना थंड करणारे पंप थांबवले. भट्टी कुणाच्याही मदतीशिवाय स्वतःच थंडावली. तीनच आठवड्यांनी चेर्नोबिल घडलं आणि या प्रयोगाची बातमी त्या धुराखाली गाडली गेली.

फाटक

अमेरिकेचा नियामक आयोग १९७५ पासून काम करतो आणि त्याचे नियम पाण्याच्या भट्ट्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. आणीबाणीत गाभ्यावर पाणी सोडणारे पंप दाखवा, असं नियम सांगतो. सोडियमच्या भट्टीत पाणी सोडणं हाच अपघात. मग अर्जदाराने एकेका नियमातून सूट मागायची, प्रत्येक सुटीचं समर्थन लिहायचं, आणि आयोगाच्या तज्ज्ञांनी ते तपासायचं. तपासणीचा खर्च अर्जदाराकडून तासाच्या दराने घेतला जातो. हा दर तासाला ३०० डॉलरच्या पुढे गेला होता. रिक्षा रहदारीत अडकलेली आणि मीटर पळत असलेलं, अशी छोट्या कंपन्यांची अवस्था होती.

यावरचा मुख्य उपाय जानेवारी २०१९ च्या कायद्याने केला. वायोमिंगचेच सिनेटर जॉन बरासो त्याचे प्रवर्तक होते. कुठल्याही तंत्रज्ञानाला लागू पडेल अशी नवी नियमावली २०२७ च्या अखेरपर्यंत तयार करा, असं त्याने आयोगाला बजावलं. त्याच्या चार महिने आधीच्या, सप्टेंबर २०१८ च्या कायद्याने सरकारी प्रयोगशाळांची दारं खासगी कंपन्यांना उघडली होती. त्याच कायद्यात वेगवान न्यूट्रॉनची चाचणी भट्टी बांधण्याचंही म्हटलं होतं. पुढे संसदेनेच तिचा पैसा रोखला आणि ती कागदावर राहिली. कायद्यात लिहिलं म्हणजे झालं, असं नसतं.

मग ९ जुलै २०२४ चा ॲडव्हान्स कायदा. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधात फक्त एड मार्की आणि बर्नी सँडर्स. या कायद्याने प्रगत भट्ट्यांच्या अर्जदारांचा तासाचा दर निम्म्याच्या आसपास आणला, पहिल्यांदा परवाना मिळवणाऱ्यांना बक्षिसं ठेवली आणि आयोगाच्या ध्येयवाक्यालाच हात घातला. सुरक्षा तर पाहाच, पण अणुऊर्जेच्या वापरावर विनाकारण मर्यादा येणार नाही हेही पाहा, असा त्याचा आशय. अपघाताच्या भरपाईची चौकट ठरवणारा प्राइस-अँडरसन कायदा १९५७ चा. त्याला २०२४ च्याच मार्चमध्ये एकदम ४० वर्षांची मुदतवाढ मिळाली होती.

केमररवर याचा परिणाम दिसला. टेरापॉवरने मार्च २०२४ मध्ये बांधकाम परवान्यासाठी अर्ज केला आणि मे महिन्यात आयोगाने तो तपासणीला घेतला. २०२६ पर्यंत चालेल असं धरलेलं काम झपाट्याने पुढे गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पर्यावरणाचा अंतिम अहवाल आला, डिसेंबरमध्ये सुरक्षेचं मूल्यमापन संपलं. घाईचं श्रेय एकट्या कायद्याचं नाही. मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आयोगाला अठरा महिन्यांची मुदत घालणारा आदेश काढला होता.

इथे मला काळजी वाटते, आणि ती लिहून ठेवायला हवी. युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स ही संस्था सुरुवातीपासून सांगते आहे की नॅट्रियमला नेहमीचा काँक्रीटचा घुमट नाही आणि अशा नव्या रचनेची तपासणी पळत पळत करू नये. निर्णय लवकर व्हावा हे मलाही पटतं. पण अर्जदाराचे कागद नीट असल्यामुळे निर्णय लवकर झाला, की वरून घड्याळ दाखवल्यामुळे, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग हवा. केमररच्या गावकऱ्यांना तो हक्क आहे.

पैसा

यावर थोडक्यात. २०२० मध्ये ऊर्जा खात्याने प्रात्यक्षिक भट्ट्यांची योजना आणली. ऑक्टोबरमध्ये टेरापॉवर आणि एक्स-एनर्जी या दोन कंपन्या निवडल्या आणि सुरुवातीला प्रत्येकी आठ कोटी डॉलर दिले. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या योजनेत सुमारे अडीच अब्ज डॉलर ओतले. केमररचा खर्च सरकार आणि कंपनी निम्मा निम्मा उचलणार, सरकारची कमाल मर्यादा दोन अब्ज. कंपनीच्या पदरचं तेवढंच जात असल्यामुळे तिला वेळेची किंमत कळते, हा या पद्धतीचा गुण.

पैसा आणि परवाना दोन्ही असले तरी गाडं अडू शकतं, हे शेजारच्या आयडाहोत दिसलं. न्यूस्केल कंपनीच्या छोट्या भट्टीच्या आराखड्याला जानेवारी २०२३ मध्ये आयोगाची मान्यता मिळाली. मदतीला सरकारचे एक अब्जाहून जास्त डॉलर कबूल होते. पण विजेचा अंदाजित दर मेगावॅट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ वर गेला, युटाच्या नगरपालिका गळाल्या आणि नोव्हेंबरमध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

सरपण

आता मूळ दुखण्याकडे. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये सहज भंगणारं युरेनियम-२३५ असतं शंभरात जेमतेम ०.७ भाग. पाण्याच्या भट्टीला ते पाच टक्क्यांच्या आत चालतं. नॅट्रियमला वीस टक्क्यांच्या किंचित खालचं लागतं. युरेनियम-२३५ चं प्रमाण असं वाढवणं म्हणजे समृद्धीकरण, आणि इतपत समृद्ध इंधनाला त्या धंद्यातले लोक ‘हेलू’ म्हणतात. वीस टक्के ही आंतरराष्ट्रीय लक्ष्मणरेषा आहे, तिच्यापुढचं युरेनियम अतिसमृद्ध गणलं जातं. असं एक टन हेलू काढायला चाळीसेक टन नैसर्गिक युरेनियम लागतं. ते वायूरूपात एकामागे एक लावलेल्या सेंट्रीफ्यूजमधून फिरवत न्यायचं. प्रत्येक नळकांड्यात जड आणि हलका अणू किंचित वेगळे होतात, मग पुढच्या नळकांड्यात आणखी किंचित.

गंमत वाटेल, पण कष्टाचा मोठा भाग पहिल्या पाच टक्क्यांतच संपतो. तिथून वीसपर्यंतची चढण तुलनेने सोपी. तरीही अमेरिकेत ही चढण चढणारा कारखानाच नव्हता. जास्त समृद्ध मालासाठी सुरक्षा वेगळी, परवाना वेगळा, वाहतुकीची पिंपंही वेगळी, आणि एवढं करून गिऱ्हाईक कुठे होतं? हेलूशिवाय भट्टी कोण मागवणार, आणि भट्टीची मागणी नसताना हेलूचा कारखाना कोण काढणार? व्यापारी प्रमाणावर ते विकणारी जगात एकच पेढी होती, रशियाच्या सरकारी रोसाटॉमची. टेरापॉवरचा भरवसाही तिच्यावरच होता. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या आणि तो भरवसा त्याच दिवशी संपला.

युद्ध कुणाला दिसलं असतं, असं म्हणता येईल. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण परावलंबन युद्धाच्या आदल्या दिवशी जन्मलं नव्हतं. १९९३ च्या कराराने रशियाने आपल्या अण्वस्त्रांतलं ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम पातळ करून अमेरिकी वीज केंद्रांना विकलं. वीस वर्षं अमेरिकेतल्या दिव्यांमागे रशियन अण्वस्त्रं जळत होती. निःशस्त्रीकरणाच्या इतिहासातलं ते एक सुंदर पान आहे, असं मी मनापासून म्हणतो. पण त्या स्वस्त मालापुढे अमेरिकेचे जुने समृद्धीकरणाचे कारखाने टिकले नाहीत. केंटकीतला पडूका कारखाना २०१३ मध्ये बंद झाला, त्याच वर्षी करारही संपला. मागे उरला न्यू मेक्सिकोतला युरेन्को हा युरोपीय मालकीचा कारखाना, आणि रशियाकडून येणारा जवळपास पाव हिस्सा माल.

डिसेंबर २०२० च्या ऊर्जा कायद्यात हेलूची योजना होती. कागदावर सगळं ठीक होतं. पण तिच्यामागे खरा पैसा उभा राहिला ऑगस्ट २०२२ मध्ये, ७० कोटी डॉलर, म्हणजे रणगाडे निघाल्यावर सहा महिन्यांनी. मे २०२४ मध्ये रशियन समृद्ध युरेनियमवर बंदीचा कायदा झाला आणि देशी उत्पादनासाठी अडवून ठेवलेले २.७ अब्ज डॉलर मोकळे झाले. हा कायदा २०२० मध्ये व्हायला हवा होता. तेव्हा बंदी सोडा, नुसती मागणीची हमी दिली असती तरी चाललं असतं: सरकार अमुक टन हेलू विकत घेईल, भट्टी असो वा नसो. कोंबडी आणि अंड्याच्या अशा कोंडीत पहिला पैसा सरकारनेच टाकायचा असतो.

ओहायोतल्या पाइकटन इथे काय चाललं होतं ते पाहा. सेंट्रस या कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये अवघ्या सोळा सेंट्रीफ्यूजची रांग सुरू केली. दुसऱ्याच महिन्यात पहिले २० किलो हेलू ऊर्जा खात्याच्या ताब्यात दिले. अमेरिकेत कित्येक वर्षांनी असं काही घडत होतं. युरेनियम एवढं जड असतं की धातूच्या रूपात २० किलो माल एका लिटरच्या तांब्यात जवळजवळ मावेल. २०२५ च्या मध्यापर्यंत हा आकडा एकूण ९०० किलोपर्यंत गेला. ऊर्जा खात्याचा स्वतःचा अंदाज होता की २०३० पर्यंत देशाला ४० टनांहून जास्त हेलू लागेल. सोळा नळकांड्यांच्या त्या गतीने एवढं साठायला सत्तर-पंचाहत्तर वर्षं लागतील.

ऊर्जा खात्याने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या साठ्यातलं थोडं हेलू पाच कंपन्यांना द्यायचं ठरवलं, त्यात टेरापॉवर आहे. कंपनीने दक्षिण आफ्रिकेतल्या एका नव्या कारखान्यालाही कर्ज देऊ केलं आहे. इंधनासाठी खंड पालथे घालण्याची वेळ आलेली भट्टी, असं मी केमररला म्हणेन. भरीस भर, जून २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात काही नामवंत शास्त्रज्ञांनी लिहिलं की पुरेसं हेलू हाती असेल तर त्यातूनही बाँब होऊ शकतो, म्हणून मर्यादा पुन्हा तपासा. त्यांचं म्हणणं मान्य झालं तर पहारा वाढेल आणि खर्चही.

तारापूरला हे ठाऊक आहे

नॅट्रियमची रचना टेरापॉवरने जीई-हिताची कंपनीच्या साथीने केली. त्यातली जीई म्हणजे जनरल इलेक्ट्रिक, पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या बांधणारी. त्या भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागतं, आणि १९६३ च्या कराराने ते तीस वर्षं पुरवायचं अमेरिकेने कबूल केलं होतं. १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकी संसदेने अण्वस्त्र-प्रसार रोखण्याचा कायदा केला आणि पुरवठा अडला. भट्ट्या जागेवर, माणसं जागेवर, तारा जागेवर, फक्त इंधन परक्याच्या हातात. पुढे फ्रान्सने दिलं, मग चीनने, मग रशियाने. आपल्याकडच्या दोन पिढ्यांच्या अभियंत्यांनी हा धडा तारापूरच्या किनाऱ्यावर शिकून ठेवला. जड पाण्याच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, तेव्हा समृद्धीकरणाची मिंधेगिरी नको, हा भारताचा मूळ हिशेब यामुळे आणखी पक्का झाला. ज्यांच्या कायद्याने तारापूरचं सरपण तोडलं, त्यांच्याच पहिल्या नव्या भट्टीला चार दशकांनी तोच घाव बसला. यात मला कसलंही समाधान वाटत नाही. केमररचा कामगार आणि बोईसरचा कामगार यांची चिंता एकच आहे.

ॲडव्हान्स कायद्यात एक कलम आपल्यासाठीही आहे. अमेरिकी अणुभट्टीत परक्या मालकीवर असलेली जुनी बंदी त्याने काही देशांसाठी सैल केली, आणि त्या यादीत भारताचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. इकडे आपल्या संसदेनेही डिसेंबर २०२५ मध्ये शांती कायदा मंजूर करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा बाजूला ठेवला. खासगी कंपन्यांना भट्टी बांधता येईल, चालवता येईल. समृद्धीकरण मात्र सरकारकडेच राहील. मग उद्या कुणी खासगी कंपनी समृद्ध इंधनाची छोटी भट्टी घेऊन आली तर तिचं इंधन कुठल्या कारखान्यातून, किती टन, कोणत्या वर्षी, हे फाटक उघडण्याआधी विचारायला हवं.

केमररमध्ये मधल्या काळात नॉटनचं गणित बदललं. कोळशाचे संच बंद न करता गॅसवर न्यायचं ठरलं. बांधकामाच्या भरात १,६०० माणसं आणि पुढे २५० कायमच्या नोकऱ्या, असं कंपनी सांगते. वाट पाहणाऱ्या गावाला हा आकडा फार मोठा आहे. बांधकाम परवान्याने भट्टी उभी करता येते, चालवता येत नाही. चालवण्याच्या परवान्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज, पुन्हा तपासणी, आणि गाभ्यात पहिलं इंधन त्यानंतरच पडणार. ती वेळ २०३० च्या आधी येत नाही. रशियन युरेनियमच्या बंदीत ज्या सवलती ठेवल्या आहेत, त्या १ जानेवारी २०२८ ला संपतात.